दीडने गुणायचं

दोरी अडतीस सेंटिमीटर लांब आहे. सुती आहे, त्यामुळे घामाने भिजली की चारेक मिलिमीटर आखडते आणि बेकरीच्या भट्टीजवळच्या खिळ्यावर टांगली की सकाळपर्यंत पुन्हा सैल होते. दोन्ही टोकांना एकेक फासा आहे. एक माझ्या उजव्या मनगटात, दुसरा दादाच्या डाव्या. तीस सेंटिमीटर ठेवली तर आमची कोपरं एकमेकांवर आपटतात. पन्नास ठेवली तर मी वळल्याचं त्याला अर्धं पाऊल उशिरा कळतं, आणि रस्त्यावरचा खड्डा अर्ध्या पावलाची वाट बघत नाही. अडतीसवर यायला आम्हाला पहिले चार महिने लागले. त्यालाही आता सात वर्षं झाली.

दादा बेकरी चालवतो. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याची नजर पूर्ण गेली, त्याआधी दोन वर्षं ती कडेकडेने विझत होती. पीठ त्याला हाताने कळतं, भट्टी वासाने कळते, त्यामुळे पावांचं काही अडलं नाही. अडलं ते त्याचं बाहेर पडणं. आठ महिने तो भट्टी ते पलंग आणि पलंग ते भट्टी एवढाच चालला. मग एक दिवस मी पिठाच्या पोत्याची दोरी कापली, तिला दोन फासे केले आणि म्हटलं, "चल."

"कुठे?"

"कोपऱ्यापर्यंत."

"कोपरा किती लांब आहे?"

कोपरा एकशे वीस पावलांवर होता. मी म्हटलं, "ऐंशी."

ही माझी पहिली चूक. चूक म्हणण्यापेक्षा सवय म्हणते. मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. औषधाच्या कारखान्यांचे, सोनारांचे, पोस्टाचे काटे आमच्याकडे येतात आणि ते किती खोटं बोलतात हे आम्ही लिहून देतो. तिथे मिलिग्रामचा दहावा भाग इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. म्हणूनच दादा मला मिलिग्राम म्हणतो. पण दोरी मनगटात अडकवली की मी प्रत्येक आकडा एक तृतीयांश कापूनच सांगायचे. तीनशे असतील तर दोनशे, नऊशे असतील तर सहाशे. चढ लहान आहे म्हटलं की माणूस तो चढतो, असा माझा अनुभव होता. तो अनुभव मला कुणी दिला, तेही सांगते. लहानपणी आमची शाळा टेकडीवर होती आणि मी रोज मधेच रस्त्यात बसायचे. दादा माझं दप्तर स्वतःच्या गळ्यात घालून म्हणायचा, "अजून दोनच वळणं." वळणं पाच होती. मला मोजता यायला लागल्यावरही मी ते त्याला कधी सांगितलं नाही.

तर ही शर्यत. बेचाळीस किलोमीटर, सगळी डांबरी सडकेवरून, पण सडक डोंगरातली. चार चढ. एकतिसाव्या किलोमीटरला, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी, एक फाटक. ते बरोबर अकराला बंद होतं. त्यानंतर येणाऱ्याला बसमध्ये बसवून, अंगावर ब्लँकेट टाकून, गोड हसून परत पाठवतात. याआधी आम्ही नदीकाठच्या सपाट शर्यती पळालो होतो. डोंगराचं खूळ दादाचं.

"सपाटीवर मला काही दिसत नाही," तो म्हणाला होता. "चढ कसा, पायाला दिसतो."

दोन आठवड्यांपूर्वी मी सुट्टी घेऊन सगळी वाट सायकलने जाऊन आले आणि चढ तेवढे पायी मोजले. पहिला आठशे पावलं. दुसरा सव्वीसशे. तिसरा पंधराशे. शेवटचा एकतीसशे. वहीत लिहिले. नेहमीप्रमाणे शेजारी कापलेले आकडे लिहायला पेन्सिल उचलली आणि हात थांबला.

कारण वहीत एक पाकीट होतं. समुद्राकाठच्या एका शहरात, इथून दीड दिवसाच्या प्रवासावर, एक मोठी मापन संस्था आहे. जिथल्या वजनांवरून आमची वजनं तपासली जातात, ती जागा. त्यांनी मला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. तेही तिसऱ्यांदा. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दादाची नजर जात होती. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा बेकरी नव्या जागेत हलत होती. दोन्ही वेळा मी 'सध्या शक्य नाही' असं लिहून पाठवलं आणि दादाला काहीच बोलले नाही. या वेळी पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की पुन्हा विचारणं आम्हाला जमणार नाही. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. शर्यत रविवारी होती.

जायचं हे मी मनाशी कधीच ठरवलं होतं. अडत होतं ते एका वाक्यापाशी, आणि ते वाक्य मला दादासमोर म्हणता येत नव्हतं.

दादा सोडून सगळ्यांना ते माहीत होतं. पाकीट आणणारा पोस्टमन आमच्याच गल्लीतला, तोही पळतो. "मॅडम, तिसरं पाकीट," तो मला नंतर रस्त्यात म्हणाला होता, "तोच शिक्का. मी काही विचारत नाही हं. मी फक्त पोचवतो." आणि ते त्याने माझ्याऐवजी बेकरीच्या गल्ल्यावर वहिनीच्या हातात पोचवलं होतं. वहिनीने ते पिठाच्या हाताने मला दिलं, वर अंगठ्याचा पांढरा ठसा.

"सांगितलंस त्याला?" ती दर दोन दिवसांनी विचारायची.

"सांगते."

"कधी? तू काय पीठ फुगायची वाट बघतेयस?"

"शर्यत होऊ दे, वहिनी. एवढी तयारी केलीय त्याने. डोक्यात हे घेऊन कसा पळेल?"

"तो पायांनी पळतो," वहिनी म्हणाली. "डोक्याने तू पळतेस."

तर पेन्सिल थांबली. मला वाटलं, ज्याला शर्यतीनंतर एवढी मोठी गोष्ट खरी सांगायची, त्याला शर्यतीत तरी खोटे आकडे देऊ नयेत. सवय अशी एकदम तुटत नाही, तोडायची सुरुवात कुठून तरी करावी लागते. कापलेले आकडे मी लिहिलेच नाहीत.

साडेसहाला सुटलो. थंडी होती, रस्ता कोरडा होता. पहिले पाच किलोमीटर तळ्याच्या कडेकडेने. माझं काम दोन प्रकारचं असतं. एक, रस्ता सांगणं: "डावीकडे कड, पुढे झाकण, उजवीकडून तिघं पुढे जातायत." दुसरं, बाकीचं सांगणं. हे दुसरं काम मी मागून शिकले.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं.

"पाण्यावर धुकं आहे. गुडघ्याएवढं. पलीकडच्या काठावर दगडी कुंपण, त्याच्या मागे मेंढ्या. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून."

"किती?"

"चाळीसेक."

"म्हणजे साठ," दादा म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. मेंढ्या मी नीट मोजल्या नव्हत्या, एवढं मात्र खरं.

मागून पोस्टमनचा आवाज आला. तो पळताना बोलतो आणि बोलताना पळतो, दोन्ही एकाच वेगाने. "बेकरीवाले, आज माझ्या मागे राहायचं नाही हं! चढावर मी चालणार आहे. मी रोज डोंगर चढतो, पगार घेऊन चढतो. फुकट पळायला मी काय वेडा आहे?"

"तू पुढे गेलास तर मला कळेल कसं?" दादा म्हणाला.

"बडबड थांबेल ना!"

पहिला चढ आला. मी म्हटलं, "चढ. आठशे पावलं. मध्यम."

दोरी थोडी मागे ओढली गेली. दादा चालायला लागला होता.

"काय झालं?"

"काही नाही. राखून जातो. पुढे बरंच आहे ना."

आठशे पावलांचा चढ आम्ही कधी चालत चढलो नव्हतो. पण डोंगराचा पहिलाच अनुभव, शहाणपणाचं असेल, असं म्हणून मीही चालायला लागले. माथ्यावर रस्ता सपाट झाला तसा तो दचकल्यासारखा थांबला.

"आला पण?"

"आला."

"अरे वा," तो म्हणाला. "आज पाय चांगले आहेत."

घड्याळ बघितलं. चार मिनिटं गेली होती. चार मिनिटं काही फार नाहीत. आमच्या आखणीप्रमाणे फाटकाशी दहा चाळीसला पोचायचं होतं, म्हणजे हाताशी वीस मिनिटं होती. आता सोळा.

दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी एक पूल आहे. लोखंडी, रंग उडालेला, खालून ओढा. पुलावर पाऊल पडताच आवाज बदलतो आणि दादाचा चेहरा हसतो. मला ते आवडतं. मी म्हटलं, "पूल संपला की चढ. सव्वीसशे पावलं. सुरुवात सौम्य, शेवटचा तिसरा भाग उभा."

दादा काहीच बोलला नाही. नेहमी तो "ठीक" म्हणतो.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं," तो म्हणाला. आवाज जरा बारीक. "सव्वीसशे."

आणि तो चालायला लागला. साधं चालणं नव्हे, भाजी घेऊन घरी निघाल्यासारखं. सौम्य भागातही. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. एका आजोबांनी जाता जाता "शाब्बास" म्हटलं, तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं. शर्यतीत लोक 'शाब्बास' म्हणायला लागले की समजावं आपण मागे पडलो.

"बरं वाटतंय ना तुला?"

"मस्त."

"मग थोडं पळू या? इथे सौम्य आहे."

"अजून खूप आहे गं. आत्ताच दम घालवला तर वर रांगत जावं लागेल."

मी रस्ता सांगत राहिले. उजवीकडे दरी, तळाशी छपरं, एका छपरावर वाळत घातलेली लाल चादर. वर कडा, कड्याच्या खाचेत एकच झाड. सांगत होते, पण मनात वेगळंच चाललं होतं. मला वाटत होतं, बघ. एकदाच खरा आकडा सांगितलास आणि याचे पाय गळाले. म्हणूनच तू कापून सांगायचीस. माणसाला खरं झेपत नाही. मग आपोआप पुढचा विचार आला: सव्वीसशे पावलं याला एवढी जड झाली, तर तीन वर्षं? मी मनातल्या मनात ते पाकीट पुन्हा वहीत ठेवलं. सोमवारी काय लिहायचं तेही जुळवलं. 'सध्या शक्य नाही.' ते वाक्य मला पाठच होतं.

माथा आला. वाऱ्याचा झोत समोरून आला आणि दादा थांबला. मी घड्याळ बघितलं. आठ सत्तेचाळीस. या जागी साडेआठला असायला हवं होतं. सतरा मिनिटं गेली होती.

"का थांबलो?" त्याने विचारलं.

"माथा आला."

"एवढ्यात?"

"एवढ्यात काय? तेहतीस मिनिटं चालतोय आपण."

"पण पावलं..." तो थांबला. त्याचे ओठ हलत होते, तो हिशेब करत होता. मग त्याने माझ्या दिशेने तोंड वळवलं. "मिलिग्राम."

"काय?"

"तू आज खरं सांगतेयस की काय?"

मी नुसती मान हलवली.

"सव्वीसशे म्हणजे सव्वीसशेच? अस्सल?"

"हो."

"अगं मग सांगायचंस ना!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पाण्याच्या टेबलाशी उभे असलेले दोघं वळून बघायला लागले. "मी तिकडे एकोणचाळीसशे धरून चाललोय! मी मनात म्हणतोय, मेलो, हा काय चढ आहे का शिडी? आणि मधेच माथा!"

"एकोणचाळीसशे कुठून आले?"

"सव्वीसशे गुणिले दीड. तुझे आकडे मी दीडने गुणतो. नेहमी."

मी रस्त्याच्या मधोमध त्याच्याकडे वळून उभी राहिले. मग विचारलं, "कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. कालव्याच्या रस्त्यावर एकदा तू म्हणालीस दोनशे. मी मोजली. तीनशे चार. मग आठवडाभर मोजत राहिलो. दर वेळी दीडपट. तू फार इमानाने खोटं बोलतेस गं, एक पाऊल इकडे तिकडे नाही."

"आणि तू बोलला नाहीस!"

"तुला बरं वाटत होतं ना."

"मला? मी तुझ्यासाठी करत होते!"

"तेच म्हणतोय." तो हसायला लागला. "आणि बिघडत काय होतं? बेकरीतला तो जुना काटा आठव. चाळीस ग्राम जास्त दाखवायचा. मी फेकून देत होतो तर तू म्हणालीस, दादा, चूक दर वेळी सारखीच असेल तर काटा वाईट नाही. किती चुकतो ते माहीत असलं की झालं. म्हटलं, बहीणही तशीच वापरू. आणि आज, नेमका आज, बाईसाहेबांनी काटा दुरुस्त केला, तोही न सांगता!"

मलाही हसू आलं. ते थांबेना. पोटात दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. पाण्याच्या टेबलावरची बाई काळजीने पेला घेऊन आली. दादाने तो घेतला, अर्धा प्यायला, उरलेला स्वतःच्या डोक्यावर ओतला.

"किती उशीर?"

"सतरा मिनिटं. फाटकाशी आखणीप्रमाणे पोचलो तरी तीनच उरतात."

"खरी तीन?"

"खरी तीन."

"मग उभी काय राहिलीस?"

उतारावर आम्ही सुटलो. उतार चढापेक्षा अवघड असतो, कारण डोळ्यांशिवाय उतरणं म्हणजे दर पावलाला विश्वास ठेवणं. त्याने तो ठेवला. मी पावलं मोजत होते, वळणं सांगत होते, आणि आकडे जसेच्या तसे तोंडातून निघत होते. "वळण डावीकडे, साठ पावलांत." आणि साठाव्या पावलाला वळण येत होतं. दादा दर वेळी "हं!" करत होता, एखाद्या नव्या यंत्राची परीक्षा घ्यावी तसा. तिसरा चढ, पंधराशेचा, तो न थांबता पळत चढला. शेवटची शंभर पावलं त्याने मोठ्याने मोजली. शंभर म्हणाला आणि पायाखालचा रस्ता सपाट झाला. त्याने दोरीला एक हलका झटका दिला. सात वर्षांत तसा झटका मला कधी मिळाला नव्हता.

सत्ताविसाव्या किलोमीटरला माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. पाऊल टेकलं की कुणी तरी आतून पिळतंय. मी लंगडायला लागले, दोरीतून ते लगेच त्याला कळलं.

"काय झालं?"

"पोटरी. दोन मिनिटं. चोळते."

"थांबतो."

"थांबू नकोस. तीन मिनिटांतली दोन माझ्या पोटरीला कुठून देऊ?"

तेवढ्यात मागून बडबड आली. तिन्ही चढ चालत चढूनही पोस्टमन आम्हाला गाठत होता. सतरा मिनिटांत काय काय होतं.

मी ओरडले, "पोस्टमन! दोरी धरता येईल?"

"कुठे पोचवायचंय?"

"फाटकापर्यंत. अकराच्या आत."

"सही लागेल," तो म्हणाला आणि हात पुढे केला. मी फासा माझ्या मनगटातून काढून त्याच्या मनगटात घातला. मनगटावर पांढरा वळ उमटला होता. सोबती बदलणं नियमात बसतं, पण सात वर्षांत आम्हाला त्याची वेळ आली नव्हती. "डावा पाय त्याचा तेव्हा उजवा तुमचा," मी सांगत होते. "वळणाच्या आधी सांगायचं, वळणावर नाही. आणि आकडे... आकडे खरे सांगा."

"मॅडम, मी पोस्टात आहे. आमच्याकडे घर नंबर पंधरा असेल तर पंधराच असतो."

ते गेले. मी रस्त्याच्या कडेला बसून पोटरी चोळत राहिले आणि बघत राहिले.

मी दादाला पाठीमागून पळताना कधी पाहिलंच नव्हतं. सात वर्षं मी त्याच्या डाव्या खांद्याशी, अडतीस सेंटिमीटरवर. तिथून दिसतो त्याचा कान, गाल, पुढचा रस्ता. पाठ दिसत नाही. आता दिसली. तो सरळ पळत होता. खांदे सैल, उजवा हात जरा जास्त बाहेर फेकण्याची सवय, जी मला ठाऊक नव्हती. पहिले काहीशे मीटर दोरी ताणलेली होती, पोस्टमन फार पुढे पळत होता. मग दादा काहीतरी म्हणाला. पोस्टमन अर्धं पाऊल मागे आला. दोरी सैल झाली. पुढच्या वळणावर दोघं एकदमच वळले, आणि दगडी कुंपणाच्या वर नुसती दोन डोकी पळताना दिसली. त्यातलं एक बोलत होतं आणि दुसरं मान हलवत होतं.

मी किती वेळ बसले होते? घड्याळाप्रमाणे तीन मिनिटं दहा सेकंद. पोटरी बरी झाली होती. मी उठले आणि पळत सुटले. एकटी पळताना माझा उजवा हात कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

फाटकाशी घड्याळात दहा अठ्ठावन्न होते. दादा आणि पोस्टमन पलीकडे उभे होते. दादाचं तोंड रस्त्याकडे, मान किंचित वाकडी, कान लावून. मी फाटकातून आत शिरले.

"हीच," तो म्हणाला. "लंगडते तरी पावलं सारखीच टाकते."

"माल पोचला," पोस्टमन फासा काढत म्हणाला. "एकोणीस वेळा मला गप्प बसायला सांगितलं यांनी. मोजलेत मी."

"आणि आकडे?" मी विचारलं.

"आकडे बरोबर होते," दादा म्हणाला. "बाकी सगळं ऐकावं लागलं. यांच्या मेव्हण्याचं लग्न, पायाची कुरपं, साहेबाचा कुत्रा. पण माणूस वाईट नाही. मंगळवारी-शुक्रवारी दुपारी पळतो म्हणे. म्हटलं, येत जा बेकरीवरून." हे तो सहज बोलला, पाव किती उरलेत ते सांगावं तसं.

पोस्टमनने माझ्याकडे बघितलं. मी काही विचारत नाही, असा चेहरा. मग तो पुढे निघाला, अर्थात चालत.

मी फासा मनगटात घातला. वळ होता तिथेच तो बसला. समोर शेवटचा चढ. रस्ता गवताच्या उतारावरून आडवातिडवा वर जात होता, आणि अगदी वर, जिथे तो संपत होता, तिथे नुसतं आकाश होतं.

"किती?" दादाने विचारलं.

"एकतीसशे. पहिली हजार उभी. मग जरा बरं."

"ठीक," तो म्हणाला.

आम्ही निघालो. उभ्या भागात दोघांचे श्वास वेगळे होते, मग हळूहळू एक झाले. हजार पावलांवर चढ सौम्य झाला. ऊन आता पाठीवर होतं. गवतात बारीक पिवळी फुलं होती, मी सांगितलं. खूप खाली तो लोखंडी पूल दिसत होता, काडीएवढा, तेही सांगितलं.

"मिलिग्राम."

"हं."

"मघापासून मी एक विचार करतोय." श्वासामुळे तो तुकड्यातुकड्याने बोलत होता. "सात वर्षं तू कापत होतीस. आज कापणं बंद केलंस. उगीच नाही केलंस तू. तू उगीच काही करत नाहीस."

मी मोजत राहिले. सोळाशे बारा. सोळाशे तेरा.

"आणखी काही आहे का," तो म्हणाला, "जे तू मला कापून सांगितलंस? किंवा सांगितलंच नाहीस?"

दोरीत काहीच ताण नव्हता. त्याने वेग वाढवला नव्हता, कमीही केला नव्हता. तो विचारत होता आणि पळत होता. मला त्याची पाठ आठवली, कुंपणावरून जाणारं ते डोकं आठवलं. गेली आठ-नऊ वर्षं जे वाक्य मी तोंडात धरून बसले होते, त्यात शब्द तरी किती होते? मी ते कधी मोजलेच नव्हते.

"आहे," मी म्हटलं. "पुढे खड्डा, उजवीकडून ये."

तो उजवीकडून आला.

"समुद्राकाठच्या त्या मोठ्या संस्थेने मला बोलावलंय, दादा. तिसऱ्यांदा. दोनदा तुला न सांगता नाही म्हटलं. या वेळी मी जाणार आहे. तीन वर्षं." आणि त्याचे ओठ हलायला लागलेले बघून घाईघाईने म्हटलं, "गुणू नकोस. पुरती तीनच."